ओमनचं मूळ

वेलिच्का बोझोवा सकाळी प्रयोगशाळेत आली की अंगात पांढरा कोट चढवायची आणि सगळ्यात आधी शाईची बाटली हलवून बघायची. प्रत्येक उंदराच्या मागच्या उजव्या पायावर, घोट्याच्या जरा वर, तिला एक रेघ ओढायची असे. त्या रेघेपर्यंत पाय पाण्याच्या नळीत बुडवायचा आणि पाणी किती चढलं ते वाचायचं. मग त्याच तळपायात सूज आणणारा द्रव टोचायचा आणि दुपारभर पुन्हा पुन्हा पाय बुडवून बघायचं. टोचण्याआधी काही उंदरांना नुसतं पाणी पाजलेलं असे, काहींना दवाखान्यातलं नेहमीचं औषध, आणि उरलेल्यांना त्या वेळी ज्या झाडपाल्याची पाळी असेल त्याचा अर्क. अर्काने सूज कमी राहिली तर वरच्या मजल्यावरची माणसं खूश होत. नाही राहिली तर दुसरं झाड. उंदीर दोन्ही वेळा मरतच. संध्याकाळी त्यांना मारण्याचं कामही वेलिच्काचंच होतं. ते ती पटकन करायची आणि त्याविषयी घरी बोलायची नाही.

प्लोवदिव शहरातल्या त्या संस्थेत ती लग्नाआधीपासून होती. रेघ जरा वरखाली झाली की दिवसाचे सगळे आकडे फुकट जातात, म्हणून नव्या मुलींच्या हातात शाई द्यायला डॉक्टर तोशेवा तयार नसे. डॉक्टर तोशेवा वयाने वेलिच्कापेक्षा बरीच लहान, पण अर्कांचं सगळं काम तिच्या हाताखाली चाले. ती वेलिच्काला ताई म्हणायची, आणि चूक झाली तर ताई म्हणूनच झापायची.

वेलिच्काचा नवरा लाझार स्टेशनामागच्या एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचा. छापखान्याला लग्नपत्रिकांचं काम थोडं, खरं काम निधनपत्रकांचं. माणूस गेला की त्याचा फोटो आणि चार ओळी छापून दारावर, झाडावर, बसथांब्यावर चिकटवायच्या. मग चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, आणि मग दर वर्षी, जोवर घरात कोणाला आठवण आहे तोवर. लाझार म्हणायचा की डॉक्टरकडे गिऱ्हाईक मरेपर्यंतच येतं, माझ्याकडे मेल्यावर यायला लागतं. सरळ माणूस होता, जरा थट्टेखोर. बाप दारू पिऊन यकृत सुजून मेलेला, म्हणून लाझार रकियाला, घरोघरी गाळतात त्या फळांच्या दारूला, ईस्टर-नाताळलासुद्धा हात लावत नसे. शेजारी त्याला त्यावरून चिडवत.

पन्नाशी ओलांडल्यावर त्याची बोटं सुजायला लागली. आधी सकाळपुरती, मग दिवसभर. खिळा चिमटीत धरवेना. धरला तर जागेवर बसवताना निसटून खाली पडे, आणि ओणवं होऊन शोधताना गुडघे बोलत. दवाखान्यातल्या गोळ्यांनी बोटांची सूज उतरली, पण पोटातून रक्त जायला लागलं, तेव्हा गोळ्या बंद करायला लागल्या. छापखान्याच्या व्यवस्थापकाने एकदोनदा सांभाळून घेतलं. मग म्हणाला, फाटकावर बस, लोकांचे पास बघ. लाझारने हिवाळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली. फाटकावर बसायचं म्हणजे काय, हे वेलिच्काला ठाऊक होतं. त्याच्या आधी फाटकावर बसलेल्या माणसाने तिथे वर्षभरात जीव सोडला होता, आणि त्याचं पत्रक लाझारनेच जुळवलं होतं.

"तुझ्या उंदरांची चंगळ आहे, वेले," तो शर्टाची बटणं तिच्याकडून लावून घेताना म्हणायचा. "त्यांचा एक पाय सुजला की अख्खी संस्था गोळा होते. माझी दहा बोटं सुजलीत, कोणी पाण्यात बुडवून बघत नाही."

तिला हसू यायचं आणि मग दिवसभर उंदरांचे पाय बुडवताना ते आठवत राहायचं.

त्या उन्हाळ्यात ओमनची पाळी आली. बरणीवर वर लॅटिन नाव होतं, ते कोणी वाचत नसे. खाली मोठ्या अक्षरात ओमन. डोंगरातून आलेलं, वाळवून कापलेलं मूळ, बरणी उघडली की कापरासारखा गोडसर कडू वास खोलीभर सुटायचा. पहिल्याच खेपेला वेलिच्काने उंदरांचे पाय बुडवले आणि पाणी चढेनाच. तिला वाटलं, आपलीच रेघ चुकली. पुन्हा बुडवले. पाणी पिणाऱ्या उंदरांचे पाय भरलेल्या पिशवीसारखे झाले होते आणि ओमनवाले उंदीर पिंजऱ्यात चारी पायांवर हिंडत होते. डॉक्टर तोशेवाने सगळं दुसऱ्यांदा करायला लावलं, तिसऱ्यांदा करायला लावलं. तिसऱ्यांदाही तेच आल्यावर ती खिडकीत जाऊन सिगारेट ओढत उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, आपल्याला काहीतरी सापडलंय बरं का."

हे औषध माणसाला देता येईल का, असं वेलिच्काने दुसऱ्या दिवशी उगाच विचारल्यासारखं विचारलं. तोशेवाने सांगितलं की माणसापर्यंत जायला अजून वर्षं आहेत, उंदराचा पाय म्हणजे माणसाचा हात नव्हे. वेलिच्काने मान हलवली. पण तिने तिन्ही वेळा ते पाय स्वतःच्या हातात धरले होते.

बरणीतून मूठभर मूळ उचलावं असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. बरणी तिच्याच ताब्यात होती, कोणी विचारलं नसतं. पण इतक्या वर्षांत तिने संस्थेतून कापसाचा बोळासुद्धा घरी नेला नव्हता. तिने ठरवलं, मूळ डोंगरातलंच आहे, तिकडे राहणाऱ्या सासूबाईंना विचारू.

लाझारची आई रूसा डोंगरात कामेन-दोल गावी एकटीच राहायची. ऐंशीच्या घरात होती, पण शेळ्या स्वतः बघायची. शरद ऋतूत बटाटे काढायला दोघं गेली तेव्हा वेलिच्काने चुलीपाशी बसून विषय काढला.

"ओमन?" रूसा म्हणाली. "अगं, ओढ्याकाठी दुसरं उगवतंय काय? हाड मोडलं, पाय मुरगळला, की आम्ही तेच बांधतो. गाईलाही बांधतो. लाझार पाच वर्षांचा असताना भिंतीवरून पडला, तेव्हा त्याच्या हाताला ओमनच बांधला होता मी."

वेलिच्काचा जीव भांड्यात पडला. ती म्हणाली की आम्हाला उकळून प्यायला हवा आहे.

"प्यायला?" म्हातारी जरा थांबली. "आम्ही कुटून बांधतो. प्यायलेलं कोणी बघितलं नाही मी."

"आमच्याकडे पोटातूनच देतात, आई. मी स्वतः देते. बांधून काय होणार, वरच्यावर राहतं ते."

"मग तसं असेल. तुम्ही शिकलेली माणसं," रूसा म्हणाली आणि कुदळ घेऊन निघालीसुद्धा. सूनबाईने मी खणते म्हटलेलं तिला चाललं नाही. पोराच्या हातांसाठी होतं ते. ती गुडघाभर ओल्या मातीत उभी राहून खणत राहिली आणि गोणीभर मुळं घेऊन वर आली. बाहेरून काळीकुट्ट, मोडली की आत पांढरी आणि बुळबुळीत. वेलिच्काने हुंगून बघितली. कापराचा वास नव्हता. ओली आहेत म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं. वाळल्यावर येईल.

वाळल्यावरही आला नाही. काढा भेंडीच्या पाण्यासारखा तार धरायचा. लाझार सकाळ-संध्याकाळ नाक दाबून प्यायचा आणि म्हणायचा, आता मला शेपूट कधी फुटतं ते बघ. पण गंमत अशी की त्याची बोटं खरंच उतरायला लागली. काढ्याने उतरली, की अशा दुखण्याला मधूनच पडणारा उतार होता, ते आता कोणी सांगू शकणार नाही. नाताळाच्या सुमारास तो शर्टाची बटणं स्वतः लावायला लागला. व्यवस्थापकाने फाटकाचा विषय सोडला. मार्चच्या पहिल्या तारखेला, तिथल्या रिवाजाप्रमाणे, झाडं फुलेपर्यंत ठेवायचा लाल-पांढरा दोरा मनगटात बांधायची वेळ आली, तेव्हा त्याने वेलिच्काचा हात ओढून घेतला आणि गाठ स्वतः मारली. दोन पदरी, घट्ट, छापखान्यात जुळवलेल्या खिळ्यांभोवती दोरी बांधतात तशी.

"सुटली तर पैसे परत," तो म्हणाला.

सुखाचे म्हणावे असे दिवस तेवढेच. एप्रिलमध्ये तो जेवताना अर्ध्यावर उठायला लागला. पोट जड वाटतं म्हणायचा. मग पट्ट्याचं भोक बदललं, मग पट्टाच पुरेना. हातपाय काटक्यांसारखे आणि पोट मात्र पुढे. वेलिच्का रोज शिवणाच्या टेपने त्याचं पोट मोजायची. टेप दर वेळी वेगळ्या जागी बसते हे लक्षात आल्यावर तिने घरातल्या शाईने, उंदरांना ओढायची तशी, त्याच्या बेंबीच्या बाजूला एक रेघ ओढली. लाझारने खाली वाकून ती रेघ बघितली. या वेळी त्याने थट्टा केली नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरने पोटावर बोटं आपटली आणि लाझारला विचारलं, रोज रकिया किती? लाझार म्हणाला, घेत नाही. डॉक्टर म्हणाला, इथे या खाटेवर येणारे सगळे हेच सांगतात. तो ओरडला नाही, वाईट माणूसही नव्हता, फक्त त्याने ऐकलं नाही आणि कागदावर लिहून टाकलं. पोटातून पाणी काढलं, दोन दिवसांत पुन्हा भरलं. भेटायला आलेला लाझारचा भाऊ दिमो ते ऐकून गेला आणि ते गावात पोचलं. बापाच्या वाटेने गेला, असं रूसाच्या कानावर आलं तेव्हा ती दार लावून बसली म्हणे.

वेलिच्काला अजून वाटत होतं की ही सूजच आहे, आणि सुजेवर औषध आपल्याकडे आहे. घरी उरलेली मुळं रुमालात बांधून ती डॉक्टर तोशेवाकडे घेऊन गेली. आपल्या यंत्रावर यांचा जरा जास्त तेज अर्क काढून मिळेल का, असं तिने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती संस्थेकडे काही मागत होती.

तोशेवाने मूळ मोडलं, हुंगलं, आतला चिकटपणा अंगठ्यावर घासून बघितला.

"हे काय आहे, ताई?"

"ओमन. सासूबाईंनी दिलाय."

"हा काळा ओमन आहे." तोशेवा खुर्चीवर बसली. "आपल्या बरणीतला पांढरा ओमन. ही दोन वेगळी झाडं आहेत. एकमेकांची कोणी नाहीत. फक्त नावाने सारखी. डोंगरात याला नुसतं ओमन म्हणतात, आणि आपण इथे पांढऱ्याला नुसतं ओमन म्हणतो. हा वरून बांधायचा असतो. पोटात गेला तर यकृत..." तिने वाक्य तोडलं. "कोण पितंय हे?"

वेलिच्काने सांगितलं. किती दिवस, तेही सांगितलं. तोशेवाने मूळ रुमालावर परत ठेवलं आणि हळूच म्हणाली की तुम्ही मला एकदा विचारायचं होतंत. वेलिच्का म्हणाली, हो, विचारायचं होतं. पलीकडे कपाटात पांढऱ्या ओमनची बरणी होती, झाकण बंद असूनही तिचा वास येत होता. मूठभर चोरलं असतं तर, एवढाच विचार वेलिच्काच्या डोक्यात फिरत होता.

इस्पितळात तिने डॉक्टरला सांगितलं, तो म्हणाला, आता उशीर झालाय. ती खाटेपाशी गेली तेव्हा लाझार जागा होता. डोळे पिवळे झाले होते. तो म्हणाला, "आईचा ओमन आणलास का? इथलं काही लागू पडत नाही मला."

ज्या थर्मासमधून ती रोज काढा न्यायची, दुसऱ्या दिवसापासून तिने त्याच थर्मासमधून लिंडनच्या फुलांचा चहा न्यायला सुरुवात केली. लाझार दोन घोट घ्यायचा. "आज चव बरी लागतेय," तो म्हणायचा. ती म्हणायची, मध घातलाय. चेरी बाजारात आल्या त्या आठवड्यात तो गेला. शेवटपर्यंत त्याला वाटत होतं की ओमन अजून चालू आहे.

त्याला कामेन-दोलला पुरलं. चाळिसाव्या दिवशी वेलिच्का उकडलेला गहू, साखर आणि वाईनची बाटली घेऊन पहिल्या बसने वर गेली. थडग्यावर वाईन ओतली, गहू वाटला. बायका घेत होत्या, देव क्षमा करो म्हणत होत्या, आणि जरा लांब गेल्यावर एकमेकींकडे बघत होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली की वाईनसुद्धा नको होती ओतायला, मेल्यावर तरी सुटू दे बिचाऱ्याची. रूसाने ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

लाझारने ओमन प्यायला म्हणून तो गेला, हे सांगायचं की नाही, यावर वेलिच्का चाळीस दिवस स्वतःशी भांडत होती. सांगितलं तर म्हातारीला कळणार की आपण गुडघाभर मातीत उभं राहून पोराचं मरण खणून आणलं. नाही सांगितलं तर लाझार दारूबाज म्हणून गावाच्या तोंडात राहणार. बसमधून वर येताना तिचं ठरलं होतं, गप्प बसायचं. मेलेल्याला लाज नसते, जिवंत माणसाला रात्री झोप लागायला हवी.

सगळे गेल्यावर दोघी चुलीपाशी बसल्या. रूसाने एक पातेलं खाली उतरवलं आणि कपात काहीतरी ओतलं. काढ्याची तार तुटेपर्यंत पातेलं तिरपं धरून ठेवावं लागलं.

"काय आहे हे, आई?"

"ओमन. त्याच्यासाठी मागाहून आणखी खणून ठेवला होता, तो राहिला." म्हातारीने कप दोन्ही हातांत धरला. "गुडघे फार दुखतात. तू म्हणालीस ना, पोटातूनच घ्यायचा. त्याच्या वाट्याचा आहे, टाकवत नाही मला."

वेलिच्काने तिच्या हातातून कप काढून घेतला. गरम काढा दोघींच्या बोटांवर सांडला.

"आई, लाझार दारू प्यायला नाही. एक थेंब नाही." तिचा आवाज आपला नाही असं तिला वाटलं. "ह्याने गेला तो. ओमन पोटात घ्यायचा नसतो. तुम्ही म्हणाला होतात, आम्ही बांधतो, प्यायलेलं बघितलं नाही. तुमचं खरं होतं. मी ऐकलं नाही. मी उकळला, मी पाजला, रोज, माझ्या हाताने."

दोन ओमनांची गोष्ट तिने सांगितली नाही. शहरात वेगळा होता आणि तुम्ही वेगळा दिलात, हे शब्द तिने गिळून टाकले. बाकी सगळं खरं होतं.

रूसाने बाहेर आलेले निखारे चुलीत सारले.

"म्हणजे बापासारखा नाही गेला," ती म्हणाली.

"नाही."

"मी विचारलं होतं तुला. प्यायचा का म्हणून विचारलं होतं."

"हो."

"तू म्हणालीस, वरच्यावर राहतं ते." म्हातारी उठली, पातेलं उचलून चुलीतल्या राखेत उपडं केलं. वाफेचा लोट वर आला. "तुझ्या पिंजऱ्यातला उंदीर होता का गं तो?"

 रूसाने वेलिच्काची पिशवी दारापाशी आणून ठेवली आणि म्हणाली, "जा. बस चुकेल."

बसला अजून बराच वेळ होता. वेलिच्का थांब्यावर उभी राहिली. समोरच्या अक्रोडाच्या झाडावर लाझारचं पत्रक होतं, ते छापखान्यातल्या मित्रांनी जुळवलेलं.

सहा महिन्यांच्या पत्रकाच्या वेळी मानोल तिच्या घरी आला. मानोल म्हणजे छापखान्यातला लाझारच्या शेजारचा माणूस, वर्षानुवर्षं दोघांनी एकाच खिडकीचा उजेड वापरला होता. गावाहून दिमोने मजकूर पाठवला होता. मानोलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, कच्चा छाप टेबलावर पसरला आणि घसा साफ केला.

"वहिनी, यात काहीतरी राहिलंय. शोकाकुल म्हणून आईचं नाव आहे, भावाचं आहे, पुतण्यांची आहेत. तुमचं नाही. दिमो घाईत विसरला असेल. मी आपलं घालून टाकतो, आईच्या खाली. जागा आहे."

वेलिच्काने चष्मा लावून वाचलं. लाझारचा फोटो तोच होता, लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी काढलेला. मूळ फोटोत शेजारी ती होती. कापताना तिच्या खांद्याचा एक तुकडा तेवढा राहून गेला होता.

"गावात त्याच्याबद्दल काय बोलतात, मानोल? तुझी बहीण आहे ना तिकडे."

मानोलने टोपी फिरवली. "त्याच्याबद्दल काही नाही. चांगलंच बोलतात. म्हातारी सगळ्यांना सांगते, माझ्या पोराने कधी थेंब घेतला नाही." तो थांबला. "तुमच्याबद्दल बोलतात."

"आणि तिचे गुडघे?"

"गुडघे?" मानोलला काही कळलं नाही. "दुखतात म्हणे. पाला बांधून बसलेली असते."

"बरं," वेलिच्का म्हणाली. "जसं आलंय तसंच छाप."

"वहिनी, लोक वाचतील. इथे तुमच्याच दारावर लागणार आहे."

"वाचू दे. छाप."

मानोलने छापलं. थंडी पडली होती, खळ लवकर गोठत होती, म्हणून वेलिच्काने ती जरा जास्तच लावली. इमारतीच्या दारावर जुन्या पत्रकांचे थर होते. त्यांतला एक कोपरा सरळ नव्हता, तो तिने आधी खरवडला आणि मग लाझारचं पत्रक सरळ धरून चिकटवलं, हाताच्या तळव्याने मधून कडेला दाबत नेलं, म्हणजे आत हवा राहत नाही. वरच्या मजल्यावरची बाई भाजी घेऊन येत होती. ती थांबली, खालपर्यंत वाचलं, वेलिच्काकडे बघितलं आणि आत गेली.

मनगटातला लाल-पांढरा दोरा वसंतात फुललेल्या झाडाला बांधायचा राहून गेला होता. आता तो मळून राखाडी झाला होता. गाठ सुटत नव्हती, आणि कात्री लावायची तिची तयारी नव्हती. तिने कोटाची बाही त्यावर ओढून घेतली आणि कामाला गेली. त्या दिवशी नवा झाडपाला आला होता. बरणीवर तोशेवाने नाव पूर्ण लिहिलं होतं, रंगासकट, आणि खाली दोनदा अधोरेखित केलं होतं. वेलिच्काने ते वाचलं, शाईची बाटली हलवली आणि पहिला उंदीर हातात घेतला.